पाळणाघर

पाळणाघर म्हणजे आई-वडील कामावर असताना त्यांच्या लहान मुलांना दिवसाच्या ठरावीक वेळेत सांभाळणारी जागा किंवा संस्था होय. सर्वसाधारणपणे सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले पाळणाघरात ठेवली जातात. मुलांची सुरक्षितता, आहार, झोप, स्वच्छता, खेळ आणि भाषिक व भावनिक वाढ ही पाळणाघराची मुख्य जबाबदारी मानली जाते. पाळणाघरे कामाच्या ठिकाणी, वस्तीत, सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या घरी किंवा अंगणवाडीला जोडून चालवली जातात.

भारतात पाळणाघराचा प्रश्न प्रामुख्याने बाळंतपणानंतर कामावर परतणाऱ्या स्त्रियांच्या संदर्भात चर्चिला जातो. संघटित क्षेत्रातील प्रसूती रजा मूल सुमारे सहा महिन्यांचे होताच संपते, तर अंगणवाडी व बालवाडीतील शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. या दोहोंमधील अडीच वर्षांच्या काळात मूल कोणी सांभाळावे, याची सार्वत्रिक व्यवस्था अस्तित्वात नाही. पाळणाघराविषयीचे कायदे, योजना आणि सामाजिक चळवळी या पोकळीभोवतीच उभ्या राहिल्या आहेत.

नाव आणि अर्थ

‘पाळणाघर’ हा ‘पाळणा’ आणि ‘घर’ या दोन शब्दांचा समास आहे. औद्योगिक कायद्यांच्या संदर्भात ‘क्रेश’ हा शब्दही वापरला जातो. हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ गव्हाण असा आहे. ख्रिस्तजन्माच्या कथेतील गव्हाणीवरून तो तान्ह्या मुलांच्या निवाऱ्यासाठी रूढ झाला. आधुनिक अर्थाचे पहिले पाळणाघर १८४४ साली फिरमँ मार्बो यांनी पॅरिसमध्ये कष्टकरी स्त्रियांच्या मुलांसाठी सुरू केले, असे मानले जाते.

मराठीत पाळणाघराशी मिळतेजुळते काही शब्द वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ भिन्न आहेत. ‘शिशुगृह’ हा शब्द शासकीय भाषेत पाळणाघरासाठी येतो, तसाच तो निराधार किंवा दत्तक देण्याच्या बालकांच्या निवासी संस्थेसाठीही येतो. ‘अंगणवाडी’ हे पोषण, आरोग्य व पूर्वप्राथमिक शिक्षणाचे शासकीय केंद्र असून ते दिवसातील काही तासच चालते. ‘बालवाडी’ ही तीन वर्षांपुढील मुलांची शाळापूर्व शाळा होय. आईच्या कामाचा संपूर्ण वेळ मुलाचा सांभाळ करणे हे या तिन्हींपेक्षा पाळणाघराचे वेगळेपण आहे.

इतिहास

पारंपरिक व्यवस्था

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सव्वा महिन्याच्या विश्रांतीनंतर आई घरकामास लागे आणि एकत्र कुटुंबात आजी, जाऊ, नणंद किंवा थोरली मुलगी बाळ सांभाळत असे. शेतमजूर स्त्रिया तान्हे मूल बरोबर नेऊन बांधावर झाडाला बांधलेल्या झोळीत निजवत. घर आणि कामाची जागा जवळ असल्यामुळे आई मधूनमधून येऊन बाळाला अंगावर पाजू शके.

बाळासाठी कामावरून परतण्याची आईची ओढ महाराष्ट्राच्या लोकस्मृतीत हिरकणीच्या आख्यायिकेतून टिकून आहे. रायगडावर दूध विकण्यास गेलेली ही गवळण सूर्यास्तानंतर दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरी असलेल्या तान्ह्यासाठी रात्री कडा उतरून गेली, अशी ही कथा आहे. रायगडावरील हिरकणी बुरूज तिच्या नावाने ओळखला जातो. एस.टी. स्थानके व शासकीय कार्यालयांतील स्तनपानासाठीच्या खोल्यांना ‘हिरकणी कक्ष’ हे नाव तिच्यावरूनच देण्यात आले.

गिरण्यांचा काळ

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि घर व कामाची जागा प्रथमच मोठ्या प्रमाणावर एकमेकींपासून दूर गेली. वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हजारो स्त्रिया काम करीत. त्यांतील अनेक जणी कोकण व देशावरील गावांतून आलेल्या असल्याने चाळीतील खोलीत मूल सांभाळण्यास वडीलधारे माणूस नसे. अशा वेळी कामाचे तास संपेपर्यंत बाळ झोपून राहावे म्हणून त्याला अफूमिश्रित गोळी दिली जाई. ही गोळी ‘बाळागोळी’ या नावाने विकली जात असे. मुंबई सरकारच्या वतीने १९२०च्या दशकाच्या प्रारंभी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांना बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जात असल्याचे आढळले. भारतातील कामगारांच्या स्थितीविषयी नेमलेल्या शाही आयोगाने (व्हिटले आयोग) १९३१ च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली आणि मोठ्या संख्येने स्त्रिया काम करीत असलेल्या कारखान्यांत पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली.

प्रसूती लाभासंबंधीचा देशातील पहिला कायदा मुंबई प्रांतात १९२९ साली झाला. त्यासंबंधीच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या आगेमागे विश्रांती मिळणे हे राष्ट्रहिताचे असल्यामुळे या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावयास हवा. मात्र स्त्रियांच्या श्रमाचा लाभ मालकास मिळत असल्यामुळे त्याच्यावर जबाबदारी टाकणेही गैर नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. खर्च मालकाचा की सरकारचा, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न आजही या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

१९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती थेट समाविष्ट झाली.

स्वयंसेवी प्रयत्न

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने ते विस्तारले. अंगणवाडीची कल्पना याच कामातून पुढे आली. कोसबाडच्या ‘विकासवाडी’ या प्रयोगात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होत्या. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुली त्यांना बरोबर घेऊन शाळेत येऊ शकतील, हा त्यामागील विचार होता. पाळणाघर ही तान्ह्या मुलाची, त्याच्या आईची आणि त्याच्या थोरल्या बहिणीच्या शिक्षणाचीही गरज आहे, ही जाणीव या प्रयोगात दिसते.

१९६९ साली महात्मा गांधी जन्मशताब्दीनिमित्त दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू असताना मजूर स्त्रियांची मुले उन्हात, मातीच्या ढिगाऱ्यांजवळ पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तंबूत पाळणाघर सुरू केले. यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था आकारास आली. बांधकाम पुढील जागी सरकले की पाळणाघरही तेथे हलविणे, हे तिचे वैशिष्ट्य होते. पुढे हे काम मुंबई व पुणे येथील बांधकामांवरही सुरू झाले. अहमदाबाद येथे ‘सेवा’ या स्त्री-कामगार संघटनेने सहकारी तत्त्वावर पाळणाघरे चालविली.

कायदेशीर तरतुदी

प्रसूती रजा

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली महत्त्वाची दुरुस्ती झाली. दुरुस्तीनंतरच्या मुख्य तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

• दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या स्त्रीस २६ आठवड्यांची सवेतन रजा मिळते. त्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी घेता येतात.
• दोन किंवा अधिक हयात अपत्ये असल्यास रजा १२ आठवड्यांची असते.
• अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असणे आवश्यक असते.
• कामाचे स्वरूप तसे असल्यास रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याची मुभा देता येते.
• या सर्व लाभांची माहिती नेमणुकीच्या वेळी लेखी देणे मालकावर बंधनकारक आहे.

मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन वेळा स्तनपानासाठी सुटी देण्याची तरतूद मूळ कायद्यातच आहे. रोजंदारीवरील स्त्रियांनाही प्रसूती लाभ नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री-कामगारांच्या प्रकरणात स्पष्ट केले.

कामाच्या ठिकाणचे पाळणाघर

२०१७ च्या दुरुस्तीनुसार पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत पाळणाघराची सोय असणे आवश्यक ठरले. आईला विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याचा हक्क मिळाला. या तरतुदीत कर्मचाऱ्यांची एकूण संख्या मोजली जाते. १९४८ च्या कारखाने कायद्यात मात्र ‘तीसहून अधिक स्त्रिया’ ही अट होती. केवळ स्त्रियांच्या संख्येवर सक्ती अवलंबून असली, की मालक स्त्रियांची भरतीच मर्यादेच्या आत ठेवण्याचा धोका संभवतो. एकूण संख्येच्या निकषाने तो कमी होतो. मळे, खाणी, विडी उद्योग आणि बांधकाम यांसाठीच्या स्वतंत्र कायद्यांतही पाळणाघराच्या तरतुदी होत्या.

२०२० साली संमत झालेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांमध्ये हे कायदे विलीन करण्यात आले. प्रसूती लाभ व पन्नास कर्मचाऱ्यांचा निकष सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे. आस्थापनेने स्वतःचे पाळणाघर चालवावे किंवा शासन, नगरपालिका, स्वयंसेवी संस्था वा खासगी संस्थेच्या सामाईक पाळणाघराची सोय करावी, असे पर्याय तीत दिलेले आहेत.

शासकीय सेवेतील रजा

केंद्र शासनाच्या सेवेतील स्त्रियांना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि पहिल्या दोन अपत्यांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात मिळून ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. पत्नी हयात नसलेल्या, घटस्फोटित किंवा अविवाहित अशा एकल पुरुष कर्मचाऱ्यांनाही २०१८ पासून ही रजा लागू आहे. केंद्रीय सेवेतील पुरुषांस १५ दिवसांची पितृत्व रजा असते. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील स्त्रियांसाठी २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. खासगी क्षेत्रात पितृत्व रजेची कायदेशीर सक्ती नाही.

शासकीय योजना

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाड्यांचे जाळे पसरू लागले. अंगणवाडीत तीन वर्षांखालील मुलांची नोंद, वजन व लसीकरण होते आणि त्यांना घरी नेण्यासाठी आहार दिला जातो. परंतु या वयाच्या मुलांना दिवसभर सांभाळणे हे तिचे काम नाही.

२००६ साली कष्टकरी स्त्रियांच्या मुलांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. २०१७ पासून ती राष्ट्रीय पाळणाघर योजना या नावाने राबविली गेली. २०२२ पासून ‘मिशन शक्ती’अंतर्गत तिचे ‘पाळणा’ योजनेत रूपांतर झाले. तीत अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडण्याची कल्पना असून २०२५-२६ पर्यंत अशी १७,००० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. एका केंद्रात साधारणपणे पंचवीस मुले, एक सेविका व एक मदतनीस, अशी तिची रचना आहे.

संगोपनाचे पर्याय

बाळंतपणाची रजा संपत आली की कुटुंबासमोर सामान्यतः पुढील पर्याय असतात. प्रत्येकाचे लाभ आणि मर्यादा वेगवेगळ्या आहेत.

आजी-आजोबा: मराठी कुटुंबांत आजही हा पर्याय सर्वाधिक स्वीकारला जातो. बाळाला ओळखीची माणसे व घरची भाषा मिळते. तथापि रांगत्या-चालत्या मुलामागे दिवसभर धावणे साठी-सत्तरीतील व्यक्तीस झेपेलच असे नाही. आजी-आजोबांची प्रकृती, त्यांची विश्रांती आणि त्यांची स्वतःची इच्छा यांचा विचार न करता हा भार गृहीत धरला जातो, अशी टीका होते. अमेरिकेत किंवा युरोपात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही आई-वडिलांना आळीपाळीने काही महिने बोलावून बाळ सांभाळण्याची पद्धत आहे. व्हिसाच्या मुदतीमुळे तिला मर्यादा पडतात.

घरी येणारी मावशी: बाळ स्वतःच्या घरी राहते व त्याची दिनचर्या बिघडत नाही. मात्र सर्व जबाबदारी एकाच व्यक्तीवर असते आणि ती आजारी पडल्यास पर्याय उरत नाही. पूर्वीच्या कामाची चौकशी, ओळखपत्राची प्रत व पोलीस पडताळणी करून घेणे उचित असते. कामाचे तास, साप्ताहिक सुटी, पगारी रजा आणि वेतन प्रारंभीच ठरविणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते. बाळ सांभाळण्यास ठेवलेल्या व्यक्तीवरच स्वयंपाक, धुणे व भांडी यांचा भार टाकल्यास बाळाकडे दुर्लक्ष होते. या व्यवस्थेला आणखी एक बाजू आहे. दुसऱ्याचे बाळ सांभाळणाऱ्या स्त्रीचे स्वतःचे मूल त्या वेळी बहुधा शेजारणीकडे किंवा थोरल्या मुलीकडे असते.

घरगुती पाळणाघर: शहरांतील वस्त्यांत एखादी गृहिणी स्वतःच्या घरी काही मुले सांभाळते. घरापासून जवळ, तुलनेने कमी खर्चाचे आणि घरगुती वातावरणाचे असल्यामुळे ते सोयीचे असते. अशी पाळणाघरे बहुधा विशेष परवान्याविना चालत असल्याने देखरेखीची जबाबदारी मुख्यतः पालकांवरच येते.

कामाच्या ठिकाणचे पाळणाघर: स्तनपान चालू ठेवण्याच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत अनुकूल आहे. मात्र मुंबईसारख्या शहरात तान्ह्या मुलाला गर्दीच्या लोकलमधून रोज नेणे-आणणे अनेकींना अशक्य असते. त्यामुळे सोय असूनही तिचा वापर होत नाही, असे घडते.

पाळ्या लावून संगोपन: आई-वडील वेगवेगळ्या पाळ्यांत काम करून मूल सांभाळतात. रुग्णालये, पोलीस दल, कारखाने व वाहतूक यांतील कुटुंबांत ही पद्धत दिसते. तीत दोघांची झोप व परस्पर सहवास यांवर ताण येतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेण्याच्या कामात सहभागी स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटे, तर सहभागी पुरुष ७६ मिनिटे देतात, असे आढळले. कोणताही पर्याय निवडला तरी वडिलांचा प्रत्यक्ष सहभाग नसल्यास कामावर परतलेल्या आईवर दुहेरी भार पडतो.

पाळणाघराची निवड

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत प्रत्येक मुलामागे किमान १० ते १२ चौरस फूट जागा, कामाच्या ठिकाणापासून किंवा वस्तीपासून ५०० मीटरच्या आत अंतर, तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक व तीन वर्षांवरील वीस मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, असे निकष सुचविलेले आहेत. वर्षाच्या आतील बाळांसाठी याहूनही कमी मुलांमागे एक सांभाळणारी व्यक्ती असणे चांगले मानले जाते.

पाळणाघर पाहताना पुढील बाबींची खात्री करून घेतली जाते.

• जागा तळमजल्यावर आहे का. नसल्यास गॅलरी, जिने व खिडक्या यांना अडसर व जाळ्या आहेत का.
• स्वयंपाकाची जागा, गॅस, विजेचे बोर्ड आणि पाण्याच्या भरलेल्या बादल्या मुलांच्या वावरापासून दूर आहेत का. रांगते मूल बादलीतील थोड्या पाण्यातही बुडू शकते.
• पिण्याचे पाणी, हात धुण्याची सोय आणि लंगोट बदलण्याची स्वतंत्र जागा आहे का.
• सांभाळणाऱ्या व्यक्ती वारंवार बदलतात की टिकून आहेत.
• मुलाला कोण घेऊन जाऊ शकते याची लेखी नोंद ठेवली जाते का.
• आजारी मुलाविषयीचा नियम, जवळचे रुग्णालय आणि तातडीच्या वेळी संपर्काची पद्धत ठरलेली आहे का.
• शुल्क, सुट्या आणि उशीर झाल्यास आकारणी यांविषयी लेखी समजूत आहे का.

पूर्वसूचना न देता दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी भेट देण्याची मुभा असणे, हे चांगल्या पाळणाघराचे महत्त्वाचे लक्षण होय. सीसीटीव्ही कॅमेरे उपयुक्त असले तरी ते अशा भेटींना पर्याय ठरत नाहीत. सर्व मुले दुपारभर निपचित झोपलेली दिसणे, हे चांगल्या सांभाळाचे लक्षण नव्हे. जागी असलेली मुले काय करतात आणि रडणाऱ्या मुलाकडे कोण व किती वेळात जाते, यावरून पाळणाघराची अधिक खरी ओळख पटते.

आहार आणि झोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहाराबरोबर ते दोन वर्षे व पुढेही चालू ठेवावे. कामावर परतणाऱ्या आईला दूध काढून ठेवून हे साधता येते. स्वच्छ झाकणाच्या भांड्यात काढलेले दूध साधारण २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान याहून बरेच अधिक असते. त्यामुळे दूध लगेच थंड जागी ठेवणे आवश्यक असते. प्रत्येक भांड्यावर तारीख व वेळ लिहितात. दूध कोमट पाण्यात भांडे ठेवून गरम करतात. थेट आचेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. बाळाने उष्टे ठेवलेले दूध दोन तासांनंतर टाकून देतात.

दुधाच्या बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा पारंपरिक बोंडले वापरणे अधिक सुरक्षित मानले जाते, कारण ते धुऊन उकळणे सोपे असते आणि बाळाची अंगावर पिण्याची सवय मोडत नाही. ही पद्धत पाळणाघरातील व्यक्तीस आधी दाखवून द्यावी लागते. सहा महिन्यांनंतर मऊ वरण-भात, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेली फळे व भाज्या सुरू करतात. वर्षाच्या आत मध देत नाहीत. अख्खे शेंगदाणे, फुटाणे व द्राक्षे लहान मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो.

तान्ह्या बाळाला पाठीवर, टणक व सपाट अंथरुणावर, उशी व जाड पांघरुणाविना झोपविणे सुरक्षित असते. बाळाला शांत ठेवण्यासाठी गुंगी आणणारे औषध, सर्दी-खोकल्याचे सिरप किंवा कोणतीही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये. गिरणगावातील बाळागोळीचा इतिहास पाहता हा नियम पाळणाघरास लेखी कळविणे अनावश्यक ठरत नाही.

रुळण्याचा काळ

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून बाळास ओळखीची व अनोळखी माणसे यांतील फरक तीव्रतेने जाणवू लागतो. आई दृष्टीआड होताच रडणे, हे या वयात निकोप वाढीचे चिन्ह असते. त्यामुळे सहाव्या महिन्यात सहज राहणारे बाळ दहाव्या महिन्यात रडू लागले, तरी केवळ त्यावरून सांभाळ वाईट आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

रजा संपण्यापूर्वी दोन-तीन आठवडे सवय लावण्यास प्रारंभ केल्यास बदल सुसह्य होतो. प्रथम आई बाळासह तासभर तेथे बसते. नंतर अर्धा तास बाहेर जाऊन परत येते. मग हा वेळ वाढवत नेला जातो. आईच्या जुन्या साडीचे दुपटे किंवा नेहमीचे खेळणे बरोबर दिल्यास ओळखीचा स्पर्श व वास मिळतो. बाळाची नजर चुकवून निघून जाण्यापेक्षा निरोप घेऊन जाणे चांगले, कारण गेलेली आई परत येते हा विश्वास त्यातून तयार होतो.

प्रारंभीच्या महिन्यांत इतर मुलांच्या सहवासामुळे सर्दी, ताप व जुलाब वारंवार होऊ शकतात. वेळापत्रकानुसारचे लसीकरण पूर्ण असावे आणि ताप असलेल्या मुलास घरी ठेवावे, असा संकेत असतो. अशा दिवसांसाठी आई-वडिलांपैकी कोण रजा घेईल, हे आधीच ठरवून ठेवणे व्यवहार्य असते. मात्र दीर्घकाळ न थांबणारे रडणे, अंगावरील वळ, वजन न वाढणे, अकारण दचकणे किंवा नेहमीपेक्षा अधिक सुस्ती आढळल्यास तत्काळ चौकशी करणे व डॉक्टरांना दाखविणे आवश्यक असते.

सुरक्षितता आणि दाद

२०१६ साली नवी मुंबईतील खारघर येथील एका खासगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीस झालेली मारहाण सीसीटीव्हीत नोंदली गेली. या घटनेनंतर महाराष्ट्रात खासगी पाळणाघरांवरील नियंत्रणाची मागणी जोराने पुढे आली. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार ताब्यातील बालकास क्रूरपणे वागविणे हा गुन्हा आहे. बालकांची काळजी घेण्याचे काम सोपविलेल्या संस्थेतील कर्मचारी किंवा चालक दोषी ठरल्यास पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. संकटातील बालकांसाठी १०९८ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

असंघटित क्षेत्रातील स्थिती

वर उल्लेखिलेल्या कायदेशीर तरतुदींचा लाभ प्रामुख्याने नोंदणीकृत आस्थापनांतील स्त्रियांना मिळतो. भारतातील बहुसंख्य काम करणाऱ्या स्त्रिया शेतमजुरी, घरकाम, फेरीविक्री, बांधकाम व घरबसल्या चालणाऱ्या उद्योगांत आहेत. त्यांचा मालक निश्चित नसतो किंवा सतत बदलतो. त्यामुळे मालकावर आधारलेली पाळणाघराची तरतूद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करून तिला मजुरी देण्याची तरतूद होती.

महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांची स्थिती या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. बीडसह मराठवाड्यातील दुष्काळी भागांतून हजारो कुटुंबे दरवर्षी साधारण दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. पती-पत्नीची जोडी ‘कोयता’ म्हणून ओळखली जाते आणि मुकादमाकडून दोघांच्या नावे उचल घेतलेली असते. त्यामुळे तान्हे मूल असले तरी स्त्रीस फडात जावे लागते. बाळ उसाच्या पाचटावर किंवा बैलगाडीखाली ठेवले जाते, अथवा कोपीवर आठ-दहा वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन केले जाते. स्थलांतरित मुलांसाठी साखरशाळा सुरू करण्यात आल्या; परंतु धाकट्याला सांभाळणारी मुलगी शाळा जवळ असूनही शाळेत जाऊ शकत नाही. कोसबाडच्या विकासवाडीने शोधलेले उत्तर येथेही लागू पडते.

अडचणी आणि चर्चा

पाळणाघरांविषयीच्या सार्वजनिक चर्चेत पुढील मुद्दे वारंवार येतात.

खर्चाचा भार: २६ आठवड्यांच्या रजेचे वेतन आणि पाळणाघराचा खर्च मालकाने करावयाचा असल्याने लहान आस्थापना तरुण स्त्रियांना कामावर घेण्याचे टाळतात, असा आक्षेप आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत प्रसूती लाभ विमा निधीतून दिला जात असल्याने तेथे हा भार विभागला जातो. त्याच धर्तीवर पाळणाघराचा खर्चही सार्वजनिक निधीतून व्हावा, असे मत मांडले जाते.

सेविकांचे मानधन: पाळणाघर व अंगणवाडी सेविकांचे काम कौशल्याचे असूनही त्यांना वेतनाऐवजी मानधन मिळते. सेविका टिकून राहिली तरच मुलास स्थिर सहवास मिळतो. म्हणून सेविकेच्या वेतनाचा प्रश्न मुलाच्या हिताशी थेट जोडलेला आहे.

सार्वजनिक जागांतील सोयी: डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळासह नागपूरच्या हिवाळी अधिवेशनास उपस्थित राहिल्या. पुढील अर्थसंकल्पी अधिवेशनात विधान भवनातील हिरकणी कक्षाच्या गैरसोयींबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली. लोकप्रतिनिधींनाही ही अडचण येते, हे या प्रसंगाने समोर आले.

संविधानिक बाजू: २०२४ साली हिमाचल प्रदेशातील एका सहायक प्राध्यापिकेच्या बालसंगोपन रजेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांचा नोकरी-व्यवसायातील सहभाग ही केवळ सवलतीची बाब नसून संविधानाच्या अनुच्छेद १५ शी निगडित हक्काची बाब असल्याचे नमूद केले. बालसंगोपनाची सोय नसल्यास स्त्रीस काम सोडणे भाग पडते, असा त्यामागील विचार आहे.

हेही पाहा

• अंगणवाडी
• अनुताई वाघ
• एकात्मिक बालविकास सेवा योजना
• ऊसतोड कामगार
• ताराबाई मोडक
• प्रसूती लाभ कायदा, १९६१
• स्तनपान
• हिरकणी